वन्संनी न दिलेली बारावी काठी

लग्न होऊन या घरात येऊन मला जेमतेम पाच महिने झाले होते, तेव्हा ते भांडण माझ्या कानावर पडलं. मी कान लावून ऐकलं असं मुळीच नाही. मी स्वयंपाकघरात भांडी घासत होते आणि आमचा कारखाना भिंतीपलीकडेच होता. भांडी जरा हळू घासली, एवढंच.

“ताई, बारा काठ्या हव्यात. फक्त बारा. वर चाळीस टांगल्यात.” हा आवाज आमच्या ह्यांचा.

“टांगल्यात म्हणजे वाळल्यात असं तुला कोणी सांगितलं? कोट खुंटीला टांगला म्हणून आत माणूस येतो का?” हा वन्संचा.

“पाच महिन्यांपूर्वी तूच म्हणाली होतीस, पुढच्या महिन्यात देते म्हणून.”

“मी म्हणाले होते. लाकूड नाही म्हणतंय.”

“लाकूड बोलतं, आणि तेही फक्त तुझ्याशी!”

“तू ऐकत नाहीस, मग त्याने बोलावं कोणाशी?”

मग थोडा वेळ नुसता रंध्याचा आवाज आला. हे रागावले की रंधा मारत. लग्नानंतर पहिली गोष्ट मी ही शिकले, की भुसा जास्त पडला असेल त्या दिवशी जेवताना गप्प बसायचं.

“हे बघ ताई,” रंधा थांबला, “दोन महिन्यांची मुदत देतो. तोवर तुझं लाकूड हो म्हणालं तर ठीक. नाहीतर माळ्याची किल्ली मला दे. मी भट्टीवाल्याकडून झटपट वाळवलेला माल आणीन. आणि तू खाली ये, घरात मदत कर.”

शेवटचं वाक्य ऐकून माझ्या हातातलं भांडं निसटलं. कारण वन्संना ‘खाली ये’ म्हणणं म्हणजे मासोळीला ‘आता जरा बाहेर येऊन बस’ म्हणण्यासारखं होतं.

वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण. बाविसाव्या वर्षी नवरा गेला आणि त्या माहेरी परत आल्या. लोक सांत्वनाला येऊन बसत, उसासे टाकत, तेव्हा त्या जिना चढून माळ्यावर जायच्या, कारण माळ्यावर कोणी उसासे टाकत नव्हतं. तिथे माझे सासरे स्नूकरच्या काठ्यांचं लाकूड वाळवत. सासऱ्यांनी पोरीला बाहेर काढलं नाही, हातात मेणाचा डबा दिला. ते गेल्यावर किल्ली आपोआप वन्संच्या कमरेला आली. मी घरात आले तेव्हा त्या पस्तिशीच्या होत्या, आणि खाली काठ्या कोणी का बनवेना, कोणत्या लाकडाची काठी बनायची हे त्याच ठरवत.

स्नूकर म्हणजे काय हे मला आजही धड सांगता येणार नाही. हिरवं कापड घातलेलं खाटेपेक्षा मोठं टेबल असतं, रंगीत चेंडू असतात, आणि मोठीमोठी माणसं काठीने ते चेंडू भोकात ढकलतात. मी आयुष्यात एकही चेंडू भोकात घातलेला नाही. पण ती काठी, तिला क्यू म्हणतात, ती कशी होते ते मला विचारा.

पुढचा लांब भाग ॲश नावाच्या लाकडाचा असतो. ते फिकट आणि चिवट असतं, लवतं पण परत सरळ होतं. मागे हातात धरायचा भाग काळ्याभोर आबनुसाचा. दोन्ही असे जोडतात की काळ्या लाकडाची चार टोकं भाल्यासारखी फिकट लाकडात घुसलेली दिसतात. ते जोडकाम ह्यांचं, आणि त्यात ह्यांचा हात धरणारा दुसरा कोणी नव्हता. पण पुढची ॲशची दांडी जोडल्यानंतर केसभर जरी वाकली, तरी ती भालेगिरी वाया. खेळणाऱ्याला वाटतं आपली नजर बिघडली. बिचारा डोळ्यांच्या डॉक्टरकडे जातो आणि दोष असतो आमच्या माळ्यावर.

म्हणून वन्सं लाकडाचा फळा, म्हणजे जाड लांब फळी, विकत घेताना पोरीसाठी स्थळ बघावं तसा बघत. रेषा या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ जायला हव्यात. रेष मध्येच कडेला पळाली की त्या म्हणत, “ही एक दिवस काठीला पळवून नेणार,” आणि फळा बाजूला. उतारावर वाकून वाढलेल्या झाडाचं लाकूड घेत नसत. ते जन्मभर ताठ उभं राहायची धडपड करत असतं, कापलं की सगळा ताण बाहेर काढतं. मग फळ्याच्या दोन्ही टोकांना मेण लावायचं, कारण पाणी टोकांतून आधी पळतं आणि लाकूड तिथेच तडकतं. फळा वर्षांनुवर्षं तसाच ठेवायचा. मग चौकोनी दांड्या कापून खिळ्याला उभ्या टांगायच्या, एकमेकींना न चिकटता. मधूनमधून थोडं तासायचं आणि पुन्हा टांगायचं. तासलेलं लाकूड बिथरतं, त्याला परत शांत व्हायला वेळ द्यावा लागतो.

आणि दर दुसऱ्या मंगळवारी वजन व्हायचं. एकेक दांडी बारीक तराजूवर ठेवायची आणि तिच्यावरच पेन्सिलीने आकडा लिहायचा. आकडा उतरतोय म्हणजे आतलं पाणी अजून जातंय. लागोपाठ चार वेळा तोच आकडा आला की दांडी तयार. त्याआधी वन्संच्या हातून दांडी सुटत नसे, मग साक्षात राजा का दारात उभा असेना.

मी चौथीपर्यंत शिकलेली, पण आकडे मला चांगले येत. म्हणून मंगळवारी मला वर बोलावणं असायचं. वन्सं दांडी ठेवायच्या, मी आकडा वाचायची.

आणि त्या पाच महिन्यांत आकडे थाऱ्यावर नव्हते. एका मंगळवारी उतरायचे, पुढच्या खेपेला पुन्हा चढायचे. चाळीसच्या चाळीस दांड्या! वन्संचा चेहरा आंबायचा.

“चढलं?”

“तीन ग्रॅम चढलं वन्सं.”

“नीट वाच.”

“नीटच वाचलं.”

“फितूर लाकूड,” त्या पुटपुटायच्या. “बापजन्मात असं लाकूड पाहिलं नाही.”

भांडणाच्या दुसऱ्या आठवड्यात मला ताप आला. दोन दिवस अंथरुणात होते, काही केलं नाही. मंगळवारी जरा बरं वाटलं म्हणून शाल गुंडाळून वर गेले. आकडे भराभर उतरलेले! वन्सं तापातून उठलेल्या मला मिठी मारायच्या बाकी होत्या. “उतरलं गं बाई, उतरलं! बघ आता बाळची कशी जिरते ते!” बाळ म्हणजे आमचे हे. मिशी होती, पण ताईसाठी बाळच.

गुरुवारी मी राहिलेलं सगळं धुणं काढलं. चादरी, टॉवेल, कारखान्यातले तेलकट अंगरखे, सगळं मोठ्या हंड्यात उकळत घातलं. दुपारी वन्संनी वरून काठी आपटली. खाली काही हवं असलं की त्या काठी आपटत, हाक मारायचा आळस. मी पाण्याचा तांब्या घेऊन वर गेले. त्या खिडकीशी एक दांडी डोळ्यांपुढे धरून बघत होत्या. माझं लक्ष सहज एका खिळ्याकडे गेलं. खिळ्याच्या टोकाला पाण्याचा थेंब होता. मी बोट लावलं. ओला. शेजारचा लावून पाहिला, तोही ओला. पायाखालच्या फळ्यांच्या फटीतून खालच्या हंड्याची वाफ संथपणे वर येत होती, साबणाचा वास घेऊन.

सांगावं तर पाच महिन्यांची सून थोरल्या नणंदेला तिचं काम शिकवणार. न सांगावं तर दीड महिन्याने ती नणंद माझ्या शेजारी भाजी चिरायला बसणार. खरं सांगते, मला तिच्या अपमानाची जेवढी भीती वाटली तेवढीच तिच्या भाजी चिरण्याचीही वाटली. त्यांना कांदा कापताना मी एकदा पाहिलं होतं.

“वन्सं,” मी म्हणाले, “खिळा ओला आहे.”

“कुठला?”

“सगळेच.”

त्यांनी खिळ्याला हात लावला. फटीला हात लावला. मग खाली गेल्या, हंड्यासमोर उभ्या राहिल्या, वर पाहिलं, खाली पाहिलं. सासऱ्यांच्या काळापासून तो हंडा अंगणात असायचा. मी नवी आले, थंडीचे दिवस होते, कोवळी पोर बाहेर कुडकुडत धुणं उकळते हे बघवलं नाही, म्हणून वन्संनी स्वतः तो उचलून आत आणला होता. माझ्यासाठी. त्या दिवसापासून वरच्या लाकडाला ताप चढला होता.

“म्हणजे गेले पाच महिने,” त्या सावकाश म्हणाल्या, “तू माझी लाकडं उकडतेस.”

मला रडू फुटायच्या बेतात होतं. तेवढ्यात त्या हसायला लागल्या. इतक्या हसल्या की कारखान्यातून हे डोकावले.

“काय झालं ताई?”

“काही नाही. जेवताना सांगते.”

आणि जेवताना खरंच सांगितलं. आडपडदा नाही, माझ्यावर ढकलणं नाही. “बाळ, लाकूड शहाणं होतं. वेडी मी. हंडा मी आत आणला.”

ह्यांनी ती संधी सोडली असती तर ते ह्यांच्या स्वभावात बसलं नसतं. “वा! आणि वर मलाच म्हणे ऐकू येत नाही. लाकूड पाच महिने ओरडत होतं, ‘ताई, भिजतोय, भिजतोय!’”

“बोल, बोल. आज तुझा दिवस आहे.”

“मग आता सोड हट्ट. भट्टीचा माल घेऊ. नमुन्याच्या दोन दांड्या आणल्यात, बघ तरी.”

“बघते की. जेवण झाल्यावर तूच उभी काप.”

जेवण झालं. ह्यांनी भट्टीतली दांडी शिकंज्यात धरली आणि मधोमध उभी कापायला घेतली. वीतभर कापली असेल नसेल, कापलेल्या दोन्ही बाजू हळूच जवळ आल्या आणि करवतीचं पातं दाताखाली धरावं तसं धरून बसल्या. करवत पुढे जाईना, मागे येईना. हे ओढतायत, घामाघूम.

वन्सं दारात हाताची घडी घालून उभ्या. “घाईने वाळवलं की असं होतं. बाहेरून शहाण्यासारखं दिसतं, आतून धुमसत असतं. आज करवत धरली, उद्या जोडलेली काठी वाकवेल. हे तुला माहीत नाही असं नाही, बाळ. बाबांनी आपल्या दोघांना एकाच दिवशी दाखवलं होतं.”

ह्यांनी कापलेलं तोंड वाकून नीट पाहिलं. पण मुदत काही मागे घेतली नाही. “सहा आठवडे उरलेत,” एवढंच म्हणाले, आणि पाचर मारून करवत सोडवायला लागले.

बारा काठ्या एका नव्या हॉलसाठी होत्या. गावातला सगळ्यात मोठा खेळाचा हॉल होणार होता, आणि तिथे आमच्या काठ्या रांगेने लागल्या की पुढची पाच वर्षं कामाला मरण नाही, असं ह्यांचं गणित. तेही खोटं नव्हतं.

त्याच दिवशी वन्संनी चाळीसातल्या चौदा दांड्या निवडल्या, सगळ्यात सरळ रेषांच्या. आणि कुठे ठेवल्या? स्वतःच्या खोलीत. घराच्या पलीकडच्या टोकाला, चूल नाही, नळ नाही, दिवसभर वारा. खाट उचलून बाहेर काढली आणि भिंतीला खिळे ठोकले. आणि स्वतः माळ्यावर अंथरूण टाकलं. हंडा मी लगेच अंगणात नेला होता, पण वर अजून साबणाचा वास होता. मी म्हटलं, “वन्सं, तुम्हाला तिथे कोंदट होईल.”

“मी वाकडी झाले तर कोणी मला परत आणून देणार नाही,” त्या म्हणाल्या.

दोन आठवड्यांनी आकडे उतरले. पुढच्या खेपेला काही दांड्या थांबल्या. पण लागोपाठ चार वेळा तोच आकडा यायला सहा आठवड्यांत मंगळवारच पुरेनात, तेव्हा वन्सं दर तिसऱ्या दिवशी वजन करायला लागल्या. खोलीत जाताना मला दारातच पायपुसण्यावर हात पुसायला लावायच्या. ओल्या हाताने दांडीला शिवलेलं चालायचं नाही. मी तर घरात ओल्या हातानेच जन्मले असावे असं त्यांचं मत झालं होतं.

शेवटचा मंगळवार उजाडला. हे स्वतः खोलीत आले. मी आकडा वाचत होते. पहिली, तोच आकडा. दुसरी, तोच. अशा करत अकरा झाल्या. अकराच्या अकरा चौथ्यांदा तशाच. वन्संनी एकेक ह्यांच्या हातात दिली. ह्यांनी दोन बोटांत वरून धरली, नखाने टकटक केली. ॲश वाळलं की काचेसारखं वाजतं, ओलं असलं की थापटल्यासारखं. सगळ्या वाजल्या. ह्यांच्या मिशीखाली हसू दिसायला लागलं.

बारावी. मी वाचलं आणि थांबले.

“बोल की,” वन्सं म्हणाल्या.

“दोन ग्रॅम उतरली.”

तेरावीही उतरलेली. चौदावीही.

“दोन ग्रॅम!” हे हसले. “ताई, दोन ग्रॅम म्हणजे चिमणीचं पाणीसुद्धा नाही. दे ती बारावी. किल्ली तुझ्याकडेच राहू दे, जन्मभर राहू दे. मी आता पुन्हा विषय काढणार नाही.”

किती सोपं होतं! हात पुढे करायचा आणि दांडी द्यायची. मी मनात म्हणत होते, द्या हो वन्सं, द्या. बारातली एक, कोणाला कळतंय?

वन्संनी दांडी खिळ्याला परत टांगली. कमरेची किल्ली सोडली आणि टेबलावर ठेवली.

“किल्ली घे,” त्या म्हणाल्या. “दांडी मी देणार नाही. तुला हवी तर तू काढून घे. मालक तू आहेस.”

“ताई, मी काय बोलतोय, तू काय करतेस!”

“त्या बारा माणसांतला एक ती काठी घेऊन उभा राहील, बाळ. अकरा जणांना चांगली आणि त्यालाच का लबाड? तो कोण आहे हे मला माहीत नाही, म्हणून तर देववत नाही.”

हे खिळ्यापाशी गेले. हात दांडीवर ठेवला. किती वेळ गेला देव जाणे. हात तसाच होता, मग त्यांनी अंगठा लाकडावरून एकदा वरून खाली फिरवला, जोड करायच्या आधी ते नेहमी फिरवत तसा, आणि हात काढून घेतला.

“अकरा,” ते म्हणाले, आणि कोट चढवून बाहेर पडले.

किल्ली दिवसभर टेबलावर होती. मी केर काढला, पुसलं, तिच्याभोवतीने. कोणाची हिंमत!

हे संध्याकाळी परत आले. हॉलच्या म्हाताऱ्या मॅनेजरला त्यांनी तोंडावर सांगितलं होतं की वेळेवर अकराच मिळतील, बारावी लाकूड म्हणेल तेव्हा. आता हा माणूस अकराही नको म्हणणार अशी ह्यांची खात्री होती.

“मग काय म्हणाला?” मी विचारलं. वन्संनी विचारलं नाही, पण चहा ढवळायचा चमचा थांबला होता.

“म्हणाला, दिवेवाला, रंगवाला, दारंखिडक्यावाला, आठवडाभर सगळे हो हो म्हणून जातायत आणि एकाचंही काम झालेलं नाही. नाही म्हणणारे तुम्ही पहिले. बसा, चहा घ्या.” ह्यांनी कोट खुंटीला अडकवला. “आणि म्हणाला, नाही कोण म्हणालं, तुम्ही की घरातलं कोणी? तुमच्या चेहऱ्यावरून तुम्ही वाटत नाही.”

वन्सं हसल्या नाहीत. पण दुसऱ्या दिवशी सकाळी किल्ली त्यांच्या चहाच्या कपाशेजारी ठेवलेली होती. त्यांनी ती कमरेला लावली आणि चहा थंड झाला म्हणून माझ्यावर खेकसल्या.

बारावी काठी सात महिन्यांनी गेली. त्यानंतर पुष्कळ वर्षांनी त्या हॉलमधून एक काठी परत आली तेव्हा हे आणि वन्सं दोघे धावले, पण नुसतं पुढच्या टोकाला चिकटवलेलं चामडं बदलायचं होतं. ह्यांनी ती टेबलावर लोळवून पाहिली. बाणासारखी सरळ.

त्यानंतर हे कधी ‘खाली ये’ म्हणाले नाहीत. उलट गिऱ्हाईक फार घाई करायला लागलं की ते छताकडे बोट दाखवत आणि म्हणत, “माझं काही नाही हो, वरून परवानगी येत नाही.” काही गिऱ्हाइकांना ते देवाबद्दल बोलतायत असं वाटायचं. वन्संना हे कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, “वाटू दे. देवसुद्धा ओलं लाकूड देणार नाही.”

हे गेले त्याला आता नऊ वर्षं झाली. कारखाना आमचा मुलगा बघतो. त्याच्याकडे लाकडाची ओल सांगणारं यंत्र आहे, दोन सुया टोचल्या की आकडा दाखवतं. वन्संनी ते हातात घेऊन उलटंसुलटं केलं, टोचून पाहिलं, आपल्या तराजूशी ताडून पाहिलं, आणि म्हणाल्या, “बरं आहे. खोटं बोलत नाही.” याहून मोठी शाबासकी मी त्यांच्या तोंडून माणसासाठीही ऐकलेली नाही. पण फळा निवडायला यंत्र नव्हतं, तिथे त्याच जात. पंच्याऐंशीव्या वर्षीसुद्धा.

एका गुरुवारी दुपारी त्या झोपेतच गेल्या, कोणाला काही त्रास न देता. त्याच्या आधीच्या सोमवारी त्या आमच्या मुलाला घेऊन वखारीत गेल्या होत्या. मीही गेले होते, मला घरी कंटाळा आला होता.

वखारवाला हा जुन्या वखारवाल्याचा मुलगा, त्यांना आत्याच म्हणायचा. त्याने तीन फळे पुढे ठेवले. वन्संनी चष्मा कपाळावर चढवला, टोकं पाहिली, रेषांवरून अंगठा फिरवला. पहिल्याच्या रेषा कडेला पळत होत्या. दुसऱ्याला आत गाठ लपलेली. तिसरा त्यांनी ठोकून पाहिला आणि नुसतीच मान हलवली.

“आत्या, याहून चांगला माल गावात नाही.”

“तुझ्या ढिगाखाली आहे. तो सगळ्यात खालचा.”

“अहो, वर नऊ फळे आहेत!”

“मग नऊ उचल. जेवला नाहीस का?”

दोघा हमालांनी नऊ फळे उचलले. खालचा फळा निघाला. वन्सं वाकल्या, गुडघ्यावर हात ठेवून, बराच वेळ बघत राहिल्या. या टोकापासून त्या टोकापर्यंत.

“हा,” त्या म्हणाल्या.

“हा अजून हिरवा आहे, आत्या. वाळायला चार वर्षं घेईल.”

“घेऊ दे की. तुझ्या घरी वाळवणार आहे का?”

त्यांनी पिशवीतून मेणाचा डबा काढला, वखारवाल्याच्या चहाच्या शेगडीवर वितळवला, आणि दोन्ही टोकांना कुंचल्याने जाड थर दिला. एके ठिकाणी बुडबुडा राहिला तो नखाने फोडून पुन्हा लावला. मेण पांढरं पडेपर्यंत थांबल्या. मग पेन्सिलीने तारीख घातली. मुलगा फळा गाडीच्या टपावर चढवायला लागला तेव्हा म्हणाल्या, “पालथा नको, सालीची बाजू आकाशाकडे,” आणि दोरी बांधून झाल्यावर तिन्ही गाठी एकेक करून ओढून पाहिल्या. मधली त्यांना सैल वाटली. ती सोडून पुन्हा बांधायला लावली, आणि मगच गाडीत बसल्या.